पालथा समुद्र

इनामदारबाई मला आधी ऐकू येतात, मग दिसतात. जानेवारीतल्या नितळ सकाळी कठीण खडकावर हातोडी पडल्याचा तो खणखणीत नाद. मागोमाग, तंबोरा जुळला की नाही हे ऐकणाऱ्या गायिकेसारखी मान कलती करून त्यांचं क्षणभर स्तब्ध होणं. आणि मग बाटलीतलं पाणी खडकावर ओततानाची खळखळ. कोरडा खडक मुका असतो, असं त्या म्हणत. पाणी पडलं की त्या करड्या पृष्ठभागातून दुधी, गुलाबी, कुठे पोपटी छटा वर येत आणि बाईंच्या चेहऱ्यावरही तसंच काही उजळून जाई.

मी जतचा. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बंगळुरूच्या ज्या संस्थेत त्या मला भूशास्त्र शिकवत, तिथे सगळे त्यांना 'मॅम' म्हणत. माझ्या तोंडून शाळेतल्या सवयीनं 'बाई' निघून गेलं, तेव्हा त्या इतक्या प्रसन्न हसल्या की पुढे तेच राहिलं. रविवारी एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या घरी माझं जेवण ठरलेलं असे. मी समुद्र पाहिलेला नाही हे कळलं, तेव्हा त्यांनी परातीत कणीक पसरली आणि बोटांनी तिच्यावर वळ्या उमटवून मला किनारा दाखवला. लाटा वाळूवर अशाच वळ्या काढतात, त्यांचे माथे टोकदार असतात आणि मधले खळगे पसरट, हे मी त्या परातीत शिकलो. नंतर त्याच कणकेच्या पोळ्या झाल्या, आणि समुद्र असा गरम गरम खाल्लेला मी एकटाच विद्यार्थी असेन.

देवनहळ्ळीच्या पलीकडे, शेतं आणि नवे प्लॉट यांच्या मधोमध, खडकाचा एक अरुंद पट्टा आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी ती समुद्रकाठची वाळू होती. भूकवचाच्या पोटात जाऊन ती तापली, दाबली गेली, कणाकणानं पुन्हा स्फटिकांत बांधली गेली, आणि तरीही आपलं मूळ पुरतं विसरली नाही. या पट्ट्यातले कोणते थर आधीचे आणि कोणते नंतरचे, याचा नकाशा बाईंनी तारुण्यात काढला होता. पूर्वेकडचे थर सर्वांत नवे, असं त्यांनी आयुष्यभर शिकवलं. निवृत्तीच्या दिवशीचं त्यांचं व्याख्यानही त्याच नकाशावर व्हायचं होतं.

खर्च वाचावा म्हणून मी देवनहळ्ळीतच खोली घेऊन राहत होतो. त्यामुळे बाईंना कधी न मिळालेली एक गोष्ट मला अनायास मिळाली, ती म्हणजे कोवळं, आडवं ऊन. त्या शहरातून बस पकडून येत, तोवर सूर्य बराच वर आलेला असे आणि खडक सपाट दिसे. शिवाय गौरम्मा नावाच्या शेतकरीणबाईंची हुरळी, म्हणजे आपले कुळीथ, त्याच खडकावर वाळत पडलेली असे. एका सकाळी, हुरळी पसरण्याआधी, त्या आडव्या उन्हात मला खडकावर वळ्या दिसल्या. पण त्यांचे माथे पसरट होते आणि मधल्या चिरा अरुंद, खोल. परातीतलं सगळं उलट झालं होतं. मी थराची खालची बाजू पाहत होतो. थर पालथे पडले होते, म्हणजे पूर्वेकडचे थर सर्वांत नवे नव्हे, सर्वांत जुने होते, आणि बाईंचा नकाशा तळापासून माथ्यापर्यंत फिरणार होता.

ज्यांनी मला बोट धरून इथवर आणलं, त्यांना हे कसं सांगावं? दोन दिवस घास गोड लागला नाही. शेवटी फोनवर एवढंच म्हणालो, की बाई, एकदा उजाडताना या.

त्या देवनहळ्ळीजवळच्या विमानतळाकडे येणाऱ्या पहिल्या बसनं आल्या. गुडघे टेकून बसल्या, चष्मा काढला, डोळे मिटले आणि तळहात खडकावरून सावकाश फिरवू लागल्या. मीही शेजारी बसलो, त्यांच्याकडे पाहायचं टाळत. हुरळीची पाटी काखेत धरून गौरम्मा उभ्या राहिल्या. दरवर्षी येता, दगड काय पळून जाणार आहे का, हा त्यांचा नेहमीचा टोमणा झाला. बाईंनी डोळे उघडले आणि त्यांना कन्नडमध्ये सांगितलं, की अक्का, दगड पळाला नाही, पण पालथा निघाला.

"सरी, बरं," गौरम्मा म्हणाल्या, "मग हुरळी खालून वाळत घालू का?"

बाईंना हसू आवरेना. त्या निर्मळ हसण्यात माझी दोन दिवसांची भीती वाहून गेली. डोळे पुसत त्या मला म्हणाल्या, "अरे, इतकी वर्षं मी हा समुद्र डोक्यावर घेऊन फिरत होते. बरं झालं, तू उतरवलास."

व्याख्यानात त्यांनी जुना नकाशा लावला, तो कसा चुकला हे रंगवून सांगितलं आणि उरलेला वेळ मला बोलायला लावलं.

आता बाई आपल्या मुलीकडे, दूर देशी असतात. त्या खडकाशी मी एकटा जातो, तेव्हा मनात येतं, ज्या लाटेनं या वळ्या उमटवल्या ती त्याच क्षणी माघारी गेली असेल, मागे उरण्याचा काही आग्रह न धरता. आणि इतक्या काळानंतर आम्ही दोघं तिच्यासाठी गुडघे टेकून बसलो होतो.