मासळीचं कॉलेज

नोएमीने नर्स व्हायचं, हे ती रांगत होती तेव्हाच ठरलं होतं. तिची आई जेद्दाच्या एका इस्पितळात नर्स होती. बाप रोदेल त्याच शहरात एसी दुरुस्त करत गच्च्या-गच्च्यांवर हिंडायचा. आपले हात काळे झाले ते झाले, पोरीने मात्र आईसारखा पांढरा गणवेश घालावा आणि आईच्याही दोन पावलं पुढे, जमलं तर कॅनडात जावं, एवढंच त्याचं मागणं. नोएमीची शाळा संपली तेव्हा तिथलं पुढचं शिक्षण काही परवडणारं नव्हतं. म्हणून तिला मायदेशी, पनाय बेटावरच्या गिंबाल गावी, रोदेलच्या थोरल्या भावाकडे पाठवलं.

थोरला भाऊ पातेर्नो. समुद्रावर पोट भरणारा माणूस. घर छोटं, आवाज मोठा. बायको वारलेली, दोन्ही मुलगे मालवाहू जहाजांवर. पुतणी जीपनीतून उतरली तशी त्याने तिच्या हातातली बॅग घेतली आणि विचारलं, "इंदाय, पोरी, तुला आपली बोली येते, का आता म्हातारपणी मी अरबी शिकू?"

इलोंगो बोली तिला कळायची. त्यातले टोमणे तर चांगलेच कळायचे, पण उलटून बोलायची वेळ आली की तोंडातून शाळेतली मनिलाची भाषा यायची. कॉलेजातल्या पोरींनी पहिल्याच आठवड्यात तिला नाव ठेवलं, शेखाची लेक.

नर्सिंगची जागा तर प्रवेशाच्या वेळीच थोडक्यात हुकली होती. मत्स्यशास्त्राला जागा रिकाम्या होत्या. कॉलेजातल्याच एकीने अक्कल शिकवली होती, "वर्षभर तिथे बस, गुण आण आणि मग बदली माग. अर्धं कॉलेज असंच मागच्या दाराने शिरतं."

रोदेलला फोनवर सांगितलं तर तो उसळलाच. "मासे पकडायला कॉलेज लागतं? माझ्या बापाला कुणी डिग्री दिली होती?"

"म्हणून तर तू एसी दुरुस्त करायला पळालास!" मागून पातेर्नो ओरडला.

"दादा, तुम्ही गप्प बसा. नोएमी, एकच वर्ष हं."

"एकच, ताताय," ती म्हणाली. तिला तेव्हा खरोखरच तसं वाटत होतं.

पहिले काही महिने तिने नाक दाबून काढले. जेद्दालाही समुद्र होता, पण तो गाडीच्या काचेतून बघायचा. इथे समुद्र कपड्यांत, केसांत, नखांत शिरायचा. एकदा कांदळवनात प्रात्यक्षिकाला नेलं होतं. सगळे भराभर पुढे गेले, नोएमी खाजणाच्या चिखलात मांडीपर्यंत रुतली. एक पाय उपसावा तर दुसरा आत. बूट तर चिखलाने गिळलाच. पोरी तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या. आणि नोएमीच्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली, जाळं फाटल्यावर पातेर्नो जी हासडायचा तीच, त्याच हेलात.  मग एवढा हशा उठला की शिकवणाऱ्या बाईंनीसुद्धा तोंड फिरवलं. चौघींनी मिळून तिला ओढून काढलं. त्या दिवसापासून शेखाची लेक संपली.

पण ती खरी अडकली ती बांगुस माशात. बांगुस तिने जन्मभर तळून खाल्लेला. एका सकाळी बाईंनी कॉलेजच्या उबवणी केंद्रातल्या टाकीतून अंडी काढली आणि थेंबभर पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. नोएमीने डोळा लावला. काचेसारखं आरपार अंडं, आत मुडपलेलं पिलू, आणि त्या पिलाच्या छातीत टाचणीच्या टोकाएवढंही नाही असं काहीतरी धडधडत होतं.

"हे हृदय?" तिने विचारलं.

"मग काय, घड्याळ?" बाई म्हणाल्या. "सरक आता, बाकीच्यांना बघू दे."

ती सरकली आणि रांगेच्या शेवटी जाऊन परत उभी राहिली. त्या दिवशी ती तीनदा रांगेत लागली. त्यानंतर सुट्टीच्या दिवशीही केंद्रावर जायला लागली. टाक्या घासायच्या, पाणी बदलायचं, पिलांना चारा घालायचा. हे काम कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. घरी आली की पातेर्नो म्हणायचा, "अंगणातच आंघोळ कर गं बाई. माझ्यापेक्षा तुला वास जास्त येतो."

वर्ष संपलं. गुण उत्तम पडले आणि नर्सिंगला जागाही मिळाली. होय म्हणायला आठवडा होता.

तिने आधी काकाला सांगितलं, की मी जात नाही. पातेर्नो जाळं विणत होता, त्याचा हात थांबला.

"इंदाय, मी माझ्या दोन्ही पोरांना ह्या किनाऱ्यावरून हाकलून लावलं. म्हटलं, कुठंही जा पण होडीवर पोट ठेवू नका. आणि तू वाळवंटातून उठून इथं चिखलात यायला निघालीस! तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?"

"तुम्ही नका दाखवू, तियो. मीच बोलते."

"बोल. मी आपला मासे तळतो." आणि ती बोलत होती तेवढा वेळ तो चुलीपाशी उगाचच झारा आपटत राहिला, म्हणजे आपण काही ऐकत नाही असं तिला वाटावं.

रोदेलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एवढी वर्षं मी उन्हात गच्च्यांवर चढलो, ते तू चिखलात उतरावं म्हणून?"  तिने "ताताय" अशी हाक मारली, तोवर फोन बंद झाला होता.

त्यानंतर तो तिच्याशी बोलेना. खुशाली आईमार्फत. आईने, ग्रेसने, एकदा ड्यूटी संपल्यावर इस्पितळाच्या पायऱ्यांवर बसून फोन केला. नोएमी घाबरत म्हणाली, "नानाय, तूही रागावलीस?"

"मी का रागवू? नर्सिंग वाईट नाही हं. माझ्या हाताने माणसं बरी होऊन घरी गेलीत. पण मला कधी कुणी विचारलंच नाही बघ. माझ्या आईने नाव घातलं, मी गेले. कुणी विचारलं असतं तर काय म्हणाले असते, तेही आता आठवत नाही." मग ती म्हणाली, "तुझा बाप येईल जाग्यावर. उशीर लावेल, पण येईल."

उशीर बराच लागला. नोएमी शेवटच्या वर्षाला असताना रोदेलच्या कंपनीने जुनी माणसं कमी केली आणि तो कायमचा गिंबालला आला. ग्रेसची नोकरी चालू होती, ती तिथेच राहिली. रोदेल इस्त्रीची पँट घालून दिवसभर ओट्यावर बसायचा. गावात ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. जेवायला तिघं एका टेबलाला, पण बोलणं सगळं पातेर्नोमार्फत.

"दादा, तुमच्या पुतणीला म्हणावं शिरका इकडे कर."

"इंदाय, तुझ्या बापाला म्हणावं हात लांब आहे त्याचा, घे म्हणावं."

एके दिवशी नोएमी डबा विसरून केंद्रावर गेली. पातेर्नो होडीवर होता. डबा घेऊन रोदेललाच जावं लागलं. तो टाकीपाशी आला तेव्हा ती कोपरापर्यंत पाण्यात होती. त्याने डबा ठेवला आणि निघायचं सोडून तो वाकून बघत राहिला. पाण्यात केसाएवढ्या जाडीची पिलं लुकलुकत होती.

"ह्यांची आई कुठाय?" त्याने विचारलं. कित्येक वर्षांनंतर सरळ तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"त्या पलीकडच्या मोठ्या टाकीत."

"मग ह्यांना इथं कोण बघतं?"

"आम्ही. वेगळंच ठेवावं लागतं, ताताय. तिच्याजवळ ठेवलं तर जगत नाहीत."

रोदेल आणखी खाली वाकला. "आणि वेगळं ठेवल्यावर जगतात?"

"सगळी नाही. जपलं तर बरीच जगतात."

"जप मग," तो म्हणाला. संध्याकाळी जेवताना त्याने शिरका थेट तिच्याकडे मागितला. पातेर्नोने वर आढ्याकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली.

पदवी मिळाली आणि दोन नोकऱ्या चालून आल्या. एक जवळच्याच गावातल्या सरकारी केंद्रावर, वर्षाच्या करारावर, जेमतेम पगाराची. दुसरी तांबड्या समुद्राच्या काठी, जेद्दापासून काही तासांवर, मोठ्या मत्स्यशेतीत पिलांच्या विभागावर. पगार तिप्पट.

पातेर्नोला वाटलं, आता रोदेल नाचेल. रोदेलचा चेहरा पडला.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"ताताय! आयुष्यभर परदेशात जा म्हणणारे तुम्हीच ना?"

"होतो. आता नाही म्हणतो. माणूस बदलू नये का? मी तिकडे उभी हयात काढली. परत आलो तर इथला कुत्रा पण ओळखत नाही मला. तुझंही तसंच होईल."

"तुम्ही परक्या मुलखात गेला होतात. मी तिथंच वाढले," नोएमी म्हणाली. "मला दोन्हीकडे परकीच म्हणतात, मग मला दोन्ही घ्यायचं आहे. तिथं खाऱ्या पाण्यात पिलं कशी जगवतात ते बघायचंय. मला जायचंय म्हणून जातेय, तुम्ही पाठवलं म्हणून नाही. आणि नानाय तिकडे एकटी आहे."

शेवटच्या वाक्यावर तो उठून बाहेर गेला.

 पुढच्या दिवसांत तो हळूच येऊन एकेक गोष्ट सांगून जायचा. उन्हाळ्यात दुपारी लोखंडाला हात लावू नकोस. तिकडचा सुपरवायझर ओरडला तरी मनाला लावून घेऊ नकोस, त्याच्यावरही कुणी ओरडलेलं असतं. खोलीच्या एसीचं पाणी भिंतीत मुरत असेल तर तिथं राहणार नाही म्हणून सांग.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नोएमी उठली तर ओट्यावर कुणी नव्हतं. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होते. दोराला लागलेल्या माणसांत सगळ्यात शेवटी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, रोदेल होता. पुढच्यांचा ताल एक, ह्याचा दुसराच. बायका हसत होत्या, "अहो जेद्दावाले, दोर ओढायचा आहे, एसी नाही!" तोही हसत होता आणि ओढत होता. वाट्याला आलेली मासळी त्याने शर्टाच्या ओच्यात आणली. हाताची सालं गेली होती.

तिने ती तळली. तिघं जेवले. जेवण झाल्यावर रोदेल म्हणाला, "करार संपला की ये."

"येईन."

"एकटी येऊ नकोस. तिला घेऊन ये. माझं ऐकत नाही ती, तुझं ऐकेल."

नोएमीने वचन दिलं नाही, कारण आईच्या वतीने आता कुणीच काही ठरवू नये असं तिला वाटत होतं. "विचारीन तिला," ती म्हणाली.

आणि तिकडे गेल्यावर तिने विचारलं. पहिल्याच शुक्रवारी ग्रेस बसने भेटायला आली तेव्हा नाही, जरा रुळल्यावर, दोघी मत्स्यशेतीच्या बंधाऱ्यावर भात खात बसल्या असताना. "नानाय, तुला काय हवंय?" ग्रेसने घास खाली ठेवला. मला जरा वेळ दे, म्हणाली. तिने पुढचे कितीतरी शुक्रवार घेतले, आणि नोएमीने एकदाही घाई केली नाही. मग एका शुक्रवारी ग्रेस बसमधून उतरता उतरताच म्हणाली, "गिंबालला बायकांना बाळंतपणासाठी अजून शहरात जावं लागतं का गं?"