घरच्या माणसांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. मंत्र्याबिंत्र्याची नव्हे हो, हैदराबादच्या जामबागेतल्या डॉक्टर हेमंतरावांच्या दवाखान्यातली, साधी वेताची. माझं ऐकायला तुम्ही उभे राहिलात तरी चालेल. बसा म्हणायची मला आता भीती वाटते.

बेगम बाजाराच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. वेत विणताना तो म्हणायचा, "ऐसी मजबूत बनारूँ, पहलवान बैठा तो भी टूटती नै." डॉक्टरांच्या वडिलांनी मला दवाखान्यासाठी आणलं, आणि डॉक्टरांच्या टेबलाशेजारची जागा मिळाल्यावर माझा तोरा काय विचारता!

दवाखान्यात बसायला दोनच जागा. एक लोखंडी स्टूल, ते पेशंटचं. दुसरी मी, घरच्या माणसांची. आमच्या हैदराबादेत मराठी घरं एकमेकांत गुंतलेली. कुणी शाळासोबती, कुणी व्याही, कुणी गणेशोत्सवातलं. ही माणसं बाहेर नंबर लावत नसत. पडदा सारून थेट आत यायची, माझ्यावर बसायची. चहा यायचा. मुलांची लग्नं, अमेरिकेतली नातवंडं, सगळं बोलून व्हायचं. मग उठता उठता, चपला शोधत, एखादं वाक्य यायचं, "डॉक्टर, जरा हे पण होतंय हो." डॉक्टर उभ्याउभ्याच गोळी लिहून द्यायचे. स्टुलावरच्यांना ते तपासत आणि माझ्यावरच्यांचा पाहुणचार करत.

एकदा एक रिक्षावाला स्टुलावर बसला. "डाक्साब, आवाज बैठ गया. मैना हो गया, ठीकच नै होरा." डॉक्टरांनी घशात उजेड टाकून पाहिलं, मान चाचपली आणि त्याच दिवशी त्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. गाठ लहान होती. तो आजही रिक्षा चालवतो.

आणि माझ्यावर लीलावहिनी बसायच्या.

डॉक्टरांच्या शाळासोबत्याची, गोविंदरावांची ही बायको. दिलसुखनगरहून बेगम बाजारात मसाल्याच्या खरेदीला यायच्या, तेव्हा मिरच्यांची पिशवी माझ्या पायाशी ठेवून घटकाभर टेकायच्या. अगदी कडेवर बसायच्या, पर्स मांडीवर धरून. एका दुपारी उठताना त्या हळूच म्हणाल्या, "भावजी, अलीकडे फार थकवा येतो. आणि... बायकांचं काहीतरी. बंद झालेलं परत सुरू झालंय." त्यांचे कान लाल झाले होते. डॉक्टरांनी मान खाली घातली. वहिनीला पुढचं कसं विचारायचं, पडद्यामागे टेबलावर झोपा असं कसं म्हणायचं? "वयोमानाने होतं, वहिनी. टॉनिक देतो."

त्या पुन्हा आल्या. पुन्हा टॉनिक. दर वेळी माझ्या वेतावरचा त्यांचा भार कमी होत होता. दोरी सैल सोडल्यासारखं मला वाटायचं. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "वहिनी, बारीक झालात, छान दिसताय." मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कुठून येणार आवाज? शेवटी कंबर धरली तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. गर्भाशयाचा कॅन्सर होता, आणि तोवर तो पसरला होता. त्या गेल्या.

तेव्हापासून दुपारी पंखा बंद झाला आणि खोली शांत झाली की माझी एकच कड करकरते. मी रिकामी असते, तरी त्या कडेवर कुणीतरी अलगद टेकलेलं मला जाणवतं. डॉक्टर दचकून वर बघतात आणि पुन्हा खाली बघतात.

यंदा डॉक्टरांची पुतणी पल्लवी आली. ती संशोधन करतेय. मोठ्या हॉस्पिटलात पोचायच्या आधी, गल्लीतल्या दवाखान्यात, कॅन्सरची पहिली तक्रार कुणी कशी सांगितली आणि डॉक्टरांनी तिचं काय केलं, हे तिला शोधायचंय. ती घरोघर जाऊन विचारत होती. एका दुपारी ती म्हणाली, "काका, रागावू नका. तुमचे स्टुलावरचे पेशंट टाइमवर पोचले. लेट झालेत ते सगळे आपले लोक. त्यांना तुम्ही हातच लावला नाही."

डॉक्टर चिडले. "माझ्या घरच्या माणसांकडे मी दुर्लक्ष करीन?" पल्लवीने फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी डॉक्टरांचा चहा तसाच गार झाला.

पुढच्याच आठवड्यात इंदुताई आल्या. निवृत्त शिक्षिका, लीलावहिनींची थोरली बहीण. पल्लवी कोपऱ्यात बसून होती, पण तिने फक्त बघायचं ठरलेलं होतं. इंदुताई माझ्यावर टेकल्या आणि माझा जीव थरारला. तीच सैल पडलेली दोरी! चहा झाला, भाच्याच्या साखरपुड्याचं बोलून झालं. मग त्या उठत म्हणाल्या, "पोट जरा फुगल्यासारखं वाटतं हो. गॅसची गोळी द्या म्हणजे झालं, खामखा जास्त काही नको."

डॉक्टरांनी पेन उचललं. गोळीच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलंही. मग त्यांची नजर माझ्या रिकाम्या कडेवर गेली आणि हात थांबला.

"ताई, त्या स्टुलावर बसा."

"स्टुलावर? मी काय नंबर लावून आलेली पेशंट आहे?"

"आज आहात."

इंदुताईंचा चेहरा उतरला. निघूनच जातात की काय, असं मला वाटलं. पण वर्गात पोरांना बसवणारी ती बाई निमूट स्टुलावर बसली. "दोन घासांत पोट भरतं का?" "हौ." "लघवीला सारखं जावं लागतं?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हौ." मग डॉक्टरांनी त्यांना पडद्यामागे नेऊन तपासलं. त्याच दिवशी जवळच्या कोटी भागात सोनोग्राफी झाली. अंडाशयात गाठ होती. कॅन्सरचीच, पण अजून पसरली नव्हती. ऑपरेशन झालं, औषधं झाली.

मला आता बाहेर, व्हरांड्यात ठेवलंय. आत सगळ्यांसाठी स्टूलच आहे.

काल इंदुताई आल्या, डोक्याला रुमाल बांधून. दम लागला म्हणून माझ्यावर बसल्या. डॉक्टर आतून धावत आले. त्या त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "मला उठवलंत, बरं केलंत. माझ्या लीलाला का नाही उठवलंत हो?"

डॉक्टर माझ्या पाठीला धरून उभे होते. "वहिनी होत्या ना, ताई," ते म्हणाले. "लाज वाटली."

इंदुताई रडल्या नाहीत. त्यांनी नुसता डॉक्टरांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

म्हणून सांगते, तुमचे डॉक्टर कितीही जवळचे असोत, दुखणं आधी सांगा, चहा नंतर प्या. "बसा ना इथे, घरच्यासारखं" असं कुणी म्हणालं, तर हात जोडा आणि मी तिथे असले तरी मला रिकामी राहू द्या.