फुंकरबाबांचं पोतं

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुंपणाच्या भिंतीवर माणसं, ओट्यावर माणसं, उलट्या घातलेल्या बादल्यांवरही माणसं. मधोमध एक पोतं अंथरलेलं, पोत्यावर फुंकरबाबा बसलेले, आणि बाबांच्या ओंजळीत बदकाचं पिल्लू. पिवळंधमक, उन्हाचा गोळा हातात यावा तसं. डोळे काळेभोर मणी. पाय मात्र भलतीकडेच. एक इकडे निघालेला, एक तिकडे, जणू दोघांचं कडाक्याचं भांडण झालंय आणि मधलं अंग बिचारं जमिनीला टेकलंय.

"चार दिवस उभं नाही हो राहिलं!" थोरली जाऊ पदराने डोळे पुसत गर्दीला सांगत होती. "पोटच्या पोरांसारखी जपली मी सातही पिल्लं. दिवसातून दोनदा त्यांची जागा साबणाने धुते, आरशासारखी!"

बाबांनी डोळे मिटले. गाल फुगवले.

"ऊठ रे पिल्ला, झटक रे गिल्ला,
ज्याने केला घात त्याचा फुटो टिल्ला! फूऽऽ!"

गिल्ला म्हणजे काय आणि टिल्ला कुठे असतो, हे कुणी विचारलं नाही. बाबांनी पिल्लू पोत्यावर सोडलं. ते डगमगलं. चोचीवर आपटलं. पुन्हा उठलं. आणि लुटुलुटु चार पावलं चाललं.

"चाललं! अगं बाई, चाललं!"

ओट्यावरची माणसं खाली आली, खालची गुडघ्यांवर आली. कुणी रडलं, कुणी बाबांच्या पायाशी लोळण घेतली. दुसरं पिल्लू चाललं, तिसरं चाललं. सहा झाली. सातवं मात्र फतकल मारून बसलं ते बसलंच. त्याचे पाय धनुष्यासारखे वाकले होते आणि ते टाचांवर रांगायला बघत होतं. बाबांनी तीनदा फुंकर घातली. पिल्लाची फक्त लव हलली.

दुसऱ्या कुणाचं तोंड उतरलं असतं. बाबांचं तेजाळलं.

"याच्यावर जबर नजर आहे," ते म्हणाले. "आणि ती बाहेरची नाही. या घरात रिकाम्या कुशीची बाई कोण?"

सगळ्या माना एकदम वळल्या. धाकटी जाऊ दारात उभी होती. चपलांच्या कारखान्यातून ती नुकतीच आली होती. बोटांवर सरस वाळलेला, केसांत रबराची धूळ. नवरा ट्रक घेऊन आठवड्यासाठी गेलेला. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आणि त्या आठ वर्षांचा हिशोब आता सबंध आळी तिच्या पोटाकडे बघून मांडत होती.

"जिला आपली नाहीत, तिला दुसऱ्याची पिल्लं बघवत नाहीत," बाबा म्हणाले. "आज उभी केली खरी. पण घरात जाऊन पुन्हा पडली, तर समजा, नजर अजून घरातच आहे. उद्या दुपारच्या आत ती बाहेर गेली पाहिजे. नाही तर एकही वाचणार नाही."

"ऐकलंस?" थोरली फिस्कारली. "पेटी आवर आपली."

"भाऊजी, तुम्ही तरी बोला," धाकटी म्हणाली.

थोरला दीर आपल्या अंगठ्याच्या नखाकडे असा बघत बसला, जणू त्यावर काहीतरी लिहिलेलं असावं.

बाबांनी पोत्याची गुंडाळी केली आणि काखेत मारली. एका म्हाताऱ्याने भक्तिभावाने पोत्याला हात लावायला बोट पुढे केलं, तर बाबा विंचू चावल्यासारखे मागे सरले. "हात नको! शक्ती जाते!"

धाकटीने ते पाहिलं. फुंकर तोंडातून येते आणि शक्ती पोत्यातून जाते, हा कसला कारभार, असं तिच्या मनात आलं.

पिल्लं आत नेली. मागच्या खोलीत लाकडी खोका, वर ऊब द्यायला दिवा, आणि खाली एका बंद पडलेल्या दुकानाचा जुना फ्लेक्स. गुळगुळीत बाजू वर. थोरलीने तो घासून लख्ख केलेला. पिल्लांनी त्यावर पाय टेकला आणि सहाच्या सहा फर्रकन पसरली.

"बघा! बाबा म्हणाले तस्संच!" थोरली किंचाळली. "हिची सावली पडली! दूर हो, अवदसे!"

धाकटी दूर झाली नाही. ती खोक्यात बघत राहिली. आठ वर्षं तिने एकच काम केलं होतं. नव्या चपलेचा गुळगुळीत तळ कानशीने घासून खरखरीत करायचा. तळ गुळगुळीत राहिला तर माणूस पहिल्या ओल्या फरशीवर आडवा होतो, हे तिच्या हातांना डोळ्यांआधी कळत होतं. तिने वाकून फ्लेक्सवरून बोट फिरवलं. बोट सुळकन गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात गेली नाही. सातवं पिल्लू टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याचे पाय अलगद चाचपले.

"काय खायला घालता?"

"कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य. दुकानदार म्हणाला, पक्षी तो पक्षी."

"त्याचं डोकं! बदकाच्या पिल्लाला नायसिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या जवळजवळ दुप्पट लागतं. नाही मिळालं की पाय असे वाकतात. यीस्टची भुकटी देते, रोज खाद्यात मिसळा. कोमट पाण्यात थोडा वेळ तरंगू द्या, म्हणजे अंगाचा भार पायांवर येणार नाही. पण तुमच्यासमोर, आणि नंतर कोरडं करून उबेला ठेवा. खाली काय अंथरलंय?"

"फ्लेक्स. घासून पुसून."

"म्हणजे जन्मल्यापासून तेलावर उभं केलंय त्यांना! पाय फाकणार नाहीत तर काय होईल? ज्यांचे फाकलेत त्यांचे दोन्ही पाय मऊ पट्टीने सैलसर बांधा, चालता येईल इतकं अंतर ठेवून. रोज सोडून बघा. आणि खाली काहीतरी खरखरीत घाला, बाई."

दुपारी अंगण पुन्हा भरलं. काल चमत्कार बघायला आलेली माणसं आज बाईला घराबाहेर काढताना बघायला आली होती, आणि खरं सांगायचं तर आज गर्दी जास्त होती. थोरल्या दिराने पेटी ओट्यावर आणून ठेवलेली. बाबा पोत्यावर विराजमान.

"जाते मी," धाकटी म्हणाली. "पण बाबांनी एकच पिल्लू उभं करून दाखवावं. ह्याच्यावर." तिने खोक्यातला फ्लेक्स ओढून अंगणात पसरला.

"सिद्ध जागेशिवाय विद्या चालत नाही," बाबा म्हणाले.

"मग माझी बघा." तिने काखेतून कारखान्यातून कधीतरी आणलेलं, चामडं भरायचं रिकामं तागाचं पोतं काढलं आणि झटकून अंथरलं. "पोतं माझं. हात माझा. रिकाम्या कुशीची नजर पण माझीच. मंत्र नाही, फुंकर नाही."

तिने एक पिल्लू ठेवलं. ते डगमगलं, उठलं, चाललं. दुसरं ठेवलं, तेही चाललं. तीच पिल्लं उचलून तिने फ्लेक्सवर ठेवली. फर्रकन पसरली. पुन्हा पोत्यावर ठेवली, उभी राहिली.

मग भिंतीवरून न्हावी ओरडला, "बाबा, घाला की फ्लेक्सवर एक फुंकर! होऊन जाऊ दे!"

"घाला! घाला!"

धाकटीने एक पिल्लू पुन्हा फ्लेक्सवर ठेवलं. बाबांनी घाम पुसला आणि गाल फुगवून फुंकर घातली. फ्लेक्सवरचं पिल्लू वीतभर आणखी घसरलं.

हसण्याचा असा लोंढा उसळला की कोंबड्या उडाल्या. पण हसणं आंबायला वेळ लागला नाही. "चोर! मारा त्याला!" काल पायाशी लोळलेला माणूसच सगळ्यात आधी धावला.

"थांबा!" धाकटी ओरडली. "काल मला हाकलत होता, आज त्याला मारताय. काल विचार केला नाहीत, आजही करत नाही. त्याला चौकीवर द्या आणि घरी जा!"

दोघांनी बाबांना दंडाला धरून नेलं. अंगण रिकामं झालं. थोरली फ्लेक्सच्या काठाशी बसून होती.

"म्हणजे... मी धुत होते म्हणून?"

"हो, जाऊबाई. तुमच्या हाताने."

थोरलीचं तोंड राखेसारखं झालं. दुसऱ्याची नजर लागली हे मानणं तिला किती सोपं गेलं होतं! आपल्या मायेनेच पाय मोडले, हे मानणं मात्र जड जात होतं. धाकटीने तिची समजूत काढली नाही. मऊ पट्टी फाडून तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "असं बांधा. सैल. ओढू नका."

थोरल्या दिराने गुपचूप पेटीला हात घातला.

"राहू द्या, भाऊजी. ज्या हातांनी बाहेर काढली, त्या हातांनी आत नको." तिने पेटी स्वतः उचलून नेली.

फुंकरीला क्षण लागतो, औषधाला दिवस लागतात. सहा पिल्लं आठवड्यात दुडदुडू लागली. सातवं वाचलं, पण एका पायाने किंचित लंगडत राहिलं. उशीर झाला होता. तो उशीर कुणामुळे झाला, ते आळीला ठाऊक आहे, आणि आळी त्याबद्दल बोलत नाही.

म्हणून मीच बोलतो. पिल्लू पडलं तर आधी त्याच्या पायाखाली बघा. मग त्याच्या खाण्यात बघा. तरी कळलं नाही तर डॉक्टरकडे न्या. एवढं केलंत, तर कुठल्या बाईच्या तोंडाकडे बघायची वेळ येतच नाही.