भार डाव्या अंगाला

"ह्या बाईला दोन मिनिटं बसवून दावा. पडंल ती!" चिमणाबाई भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवून म्हणाल्या.

चित्रातली बाई म्हणजे खुद्द चिमणाबाईच होत्या. चित्र माझा विद्यार्थी पृथ्वीराज याचं, पहिल्या बक्षिसाचं होतं आणि बक्षीस मी दिलं होतं.

कोल्हापुरातल्या आमच्या चित्रकलेच्या कॉलेजात चिमणाबाई तीस वर्षं मॉडेल म्हणून बसल्या. शेकडो पोरांनी त्यांची चित्रं काढून हात बसवला, मीही त्यातलाच. आज त्यांचा शेवटचा दिवस. भिंतीवरचं हवं ते चित्र घरी न्या, असं आम्ही त्यांना सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरी त्यांचं एकही चित्र गेलं नव्हतं.

"माझ्या मागं नातीनं बघून म्हणाय पायजे, ही माझी आज्जी," एवढीच त्यांची अट.

मी मास्तरकी सोडली नाही. "अहो, पृथ्वीराजनं डोळे बघा कसले काढलेत! सुरकुती न् सुरकुती आलीय."

"सुरकुत्या हायत की. पर सर, माझा उजवा गुडघा धरलाय. दोन-दोन तास सगळा भार डाव्या अंगाला असतोय. हिचा भार कुठं हाय?"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भार कुठेच नव्हता. बाई धर्मराजाच्या रथासारखी चार बोटं वर तरंगत होती. लाज वाटली, खरं सांगतो.

चिमणाबाई एकेक चित्र बघत कोपऱ्यात गेल्या. तिथं मनाली या विद्यार्थिनीनं काढलेलं त्यांचं चित्र होतं. ती आजारी पडल्यामुळं ते अर्धंच राहिलेलं. चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी रंग. चिमणाबाई तिथंच फरशीवर बसल्या, डावा तळहात मागं रोवून. आधी चित्रातल्या हाताकडं पाहिलं, मग स्वतःच्या.

"ही बसलीया बघा. हिच्या हाताला मुंग्या आल्यात."

मनाली ब्रश घेऊन धावली. "मावशी, थांबा की जरा. तोंड पुरं करते."

"हात लावू नगंस. तोंड सगळ्यांनीच काढलं."

"पण नात ओळखणार कशी?" मी विचारलं.

"मी गल्लीच्या टोकाला असले तरी चालीवरनं वळखती. तितक्या लांबनं माझं तोंड दिसतंय व्हय तिला?"

त्यांनी चित्र पोरासारखं कडेवर घेतलं आणि जिना उतरू लागल्या. मी वर कठड्याशी उभा होतो. तिथून चेहरा दिसत नव्हता. उजवा पाय जपून, भार डाव्या अंगाला.