अठरा पेन्सिली उरल्या

निकाल चार वाजता लावायचा होता, आणि साडेतीनला मला माझीच चूक सापडली.

गणिताच्या खास वर्गात एकच जागा उरली होती. माझी लेक ठमी एका मार्काने पुढे होती. तिच्या मागे नवी मुलगी, दुसऱ्या देशातून नुकतीच आलेली. तिचाच पेपर शेवटी हातात होता. सातवा प्रश्न: 'बाईंनी ४५ पेन्सिली वाटल्या. १८ उरल्या. आधी किती होत्या?' पोरीने एक लांब पट्टी काढून तिचे दोन भाग केले होते, एकात ४५, दुसऱ्यात १८. खाली उत्तर ६३. उत्तरसूचीत २७. मी फुली मारून मोकळी झाले. तिकडच्या पुस्तकांत म्हणे आधी चित्र काढतात, मग आकडेमोड. कसली ही थेरं!

मग नजर पुन्हा त्या पट्टीवर गेली. अगं बाई! पंचेचाळीस तर वाटल्याच होत्या, मग आधी सत्तावीस कशा असतील?

उत्तरसूची मीच केलेली. आमच्या पुस्तकात चौकट करून छापलंय, 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी. वीस वर्षं मी पोरांकडून तेच घोकून घेतेय. बाकी सगळ्या वर्गाने सत्तावीसच लिहिलं होतं, ठमीनेसुद्धा.

"झाले का तपासून?" मुख्याध्यापिका बाई दारात उभ्या.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"सातव्याचं उत्तर मी चुकीचं दिलंय," मी म्हटलं. "त्रेसष्ट हवं."

त्यांनी मार्कांची यादी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "अहो, ठमीची जागा जाईल."

"माहितीये. जाऊ दे."

म्हणाले खरं, पण पेन त्यांच्याच पुढे सरकवलं. दोन्ही पेपरांवरचे मार्क त्यांनीच बदलले.

बाहेर बाकावर ठमी पाय हलवत बसली होती. "आई, लागला माझा नंबर?"

"नाही गं. सातवं चुकलं तुझं. म्हणजे माझंच चुकलं. त्रेसष्ट यायला हवं होतं."

तिचे पाय थांबले.

"मी आधी तेच लिहिलं होतं," ती म्हणाली. "तू ओरडशील म्हणून खोडलं."