राऊंडच्या वेळी बाहेर

डॉक्टरांच्या राऊंडची वेळ झाली की वॉर्डातला शिपाई आम्हा नातेवाईकांना ढोरासारखं बाहेर हाकलते अन् दार लावून घेते. उठवायचं, पुसायचं, भरवायचं आम्ही. अन् डॉक्टर बोलतात तेव्हा आम्ही बाहेर, चपलांजवळ.

माहा नवरा मनसाराम, सावली तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावात जाळं टाकणारा माणूस. लकव्यानं त्याचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. आमच्याकडे आजाऱ्याले तांदळाची पातळ पेज देतात, मीठ टाकून. मी तेच वाटीनं पाजलं. त्याले असा ठसका लागला की चेहरा निळा पडला. सिस्टर धावत आली, नळी टाकून घसा साफ केला, अन् मंग माह्यावरच ओरडली, "पातळ काही देऊ नका, ते श्वासनळीत जातं, हे डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं ना!"

"कोणाले?"

"पेशंटला."

ज्याच्या तोंडातून शब्द निघत नाई, त्याले सांगून गेले! माहं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी शिपायानं दार दाखवलं तर मी खाटेचा दांडा धरून उभी राह्यली. तेवढ्यात डॉक्टर आले. "काय गोंधळ आहे?"

"साहेब, त्याले नका सांगू, मले सांगा. त्याच्या तोंडात घास माहा हात टाकते. तो मेला तर माह्या हातानं मरंल, अन् तुम्ही म्हणाल, आम्ही तर सांगितलं होतं."