घाईसाहेबांनी ओतलेलं जेल

मावशी गेली तेव्हा तिच्या छातीतली गाठ केव्हाच काढून टाकलेली होती. तिला मारलं ते त्या गाठीतून आधीच सटकून फुप्फुसात ठाण मांडलेल्या पेशींनी. मला वाढवलं तिनेच. तेव्हापासून या घर सोडून पळणाऱ्या पेशींवर माझा दात आहे, आणि तो राग जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या रागावरच मी प्रयोगशाळेत टिकले. आम्ही ज्या प्रथिनावर काम करतो, ते कर्करोगाच्या पेशीला जागा सोडू देत नाही. बाहेर पडायला ती आजूबाजूचं सगळं कुरतडत वाट काढते. प्रथिन ते कुरतडणंच बंद पाडतं. हे तपासायला आम्ही बारीक छिद्रांच्या पडद्यावर जेलचा थर देतो, वर पेशी सोडतो, काही प्रथिन असलेल्या, काही नसलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या बाजूला कोण पोचलं ते बघतो.

या वेळी झाडून सगळ्या पोचल्या. प्रथिनवाल्यासुद्धा.

"संपला विषय," आमचे प्रमुख म्हणाले. पाठीमागे त्यांना आम्ही घाईसाहेब म्हणतो. "संध्याकाळपर्यंत या पेशींच्या कुप्या फ्रीझरमधून काढ आणि नष्ट कर. जागा हवी आहे."

जेल त्यांनीच ओतलं होतं. पाहुणे आले होते, साहेबांना आपलं कसब दाखवायची हुक्की आली. हे जेल थंडीत पातळ राहतं आणि जरा ऊब लागली की थिजतं, म्हणून आम्ही पिपेटची टोकंही बर्फात ठेवतो. बर्फातली टोकं तशीच पडून होती. गप्पांच्या नादात साहेबांनी टेबलावरची उचलली होती.

मी फ्रीझरकडे फिरकलेच नाही. सगळे पडदे पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि साहेबांना बोलावलं.

"या निरोगी पेशी आहेत, सर. तुलनेसाठी ठेवलेल्या. या कधीच जेल ओलांडत नाहीत, आणि याही खाली उतरल्यात."

"मग?"

"मग जेलला भोकं होती. टोकं गार नव्हती, ओततानाच गुठळ्या झाल्या."

खोलीतले सगळे एकदम आपापल्या कामात गढून गेले.

"म्हणजे चूक माझी?"

"हो. मी कुप्या काढणार नाही. आज मी ओतते, तुमच्यासमोर. प्रथिनवाल्या खाली उतरल्या तर कुप्या मीच नष्ट करीन."

"आणि नाही उतरल्या तर?"

"तर यापुढे तुम्ही जेलला हात लावायचा नाही."

कोणीतरी उगाच खोकलं. साहेबांचे कान लाल झाले, पण ते खुर्ची ओढून बसले आणि माझं ओतून होईपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी निरोगी पेशींचा पडदा खालून कोरा होता. प्रथिन नसलेल्या कर्करोगाच्या पेशींनी खाली नुसती गर्दी केली होती. प्रथिनवाल्यांपैकी चुकूनमाकून एखादी दिसत होती. साहेबांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा हटवला नाही. मग हार मानायची नाही म्हणून शेजारची, प्रथिनवाल्या पेशी वाढवायला ठेवलेली डिश उचलली.

"पण इथे त्या वाढतायत तशाच. तुझं प्रथिन त्यांना मारत कुठे आहे?"

"नाहीच मारत. नुसतं जागेवर बसवून ठेवतं," मी म्हणाले. "जागेवरची गाठ कापता येते, सर. माझ्या मावशीची कापलीच होती."